जोडीदार आजारी, आणि घरात तुम्ही दोघंच

“आता काय, मलाही होणारच!”

टेस्ट पॉझिटिव्ह आली की हे वाक्य बहुतेक घरांत कुणीतरी म्हणतंच. कालपर्यंत एकाच पांघरुणात झोपत होतो, एकमेकांच्या ताटातलं खात होतो, आता मास्क लावून काय मोठा उजेड पडणार आहे, असा त्यामागचा विचार. मग म्हणणारी व्यक्ती खुशाल आजाऱ्याच्या उशाशी जाऊन बसते. वर दार-खिडक्याही लावून घेते, कारण आजाऱ्याला वारा लागायला नको!

तुमच्या घरात असं काही चाललं असेल, तर आधी एक आकडा पाहा. डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकेतल्या एका वैद्यकीय नियतकालिकात ५४ अभ्यासांचं संकलन प्रसिद्ध झालं. घरात एकाला कोविड झाला तर आणखी किती जणांना होतो, याची ती मोजदाद होती. नवरा-बायकोंचं प्रमाण घरातल्या इतर नातलगांपेक्षा बरंच जास्त निघालं, ३७.८ टक्के. म्हणजे शंभर जोडप्यांत एक आजारी पडला, तर साधारण ३८ घरांत दुसऱ्यालाही लागण झाली. उरलेल्या ६२ घरांत झाली नाही, आणि तीही एकाच छपराखाली राहणारी माणसं होती. पुढे ओमिक्रॉन आला आणि घरातल्या लागणीचं प्रमाण ४० टक्क्यांच्या वर गेलं, हेही सांगायला हवं. तरीसुद्धा ‘होणारच’ आणि ‘होऊ शकतं’ यांत बरंच अंतर आहे, आणि त्या अंतरात तुमच्या हातात करण्यासारखं पुष्कळ आहे.

मी हे बनशंकरीतून लिहितेय. देवेगौडा पेट्रोल बंकपासून कत्रिगुप्पे, पद्मनाभनगरपर्यंतच्या गल्ल्यांत कोल्हापूर, बेळगाव, पुणे, नागपूरहून नोकरीसाठी आलेली कितीतरी मराठी जोडपी राहतात. दोन खोल्या, बऱ्याचदा एकच बाथरूम, खाली ओनर. आई सांगलीला, सासूबाई नागपूरला. गावाकडे कुणी आजारी पडलं तर काकू डबा पाठवते, पुतण्या औषध आणून देतो. इथे एक पडला की दुसऱ्यानेच उभं राहायचं, आणि दुसराही पडला तर तिसरं कुणी नाही. म्हणून या लेखात आजाऱ्याइतकंच लक्ष सेवा करणाऱ्याकडे आहे.

२०२१ चा उन्हाळा इथल्या लोकांच्या अजून अंगावर येतो. ५ मे रोजी एका दिवसात कर्नाटकात ५० हजारांहून जास्त नवे रुग्ण सापडले, त्यातले २३ हजारांवर एकट्या बेंगळुरूत. बेडसाठी फोन करून लोक थकले होते, बनशंकरीच्या विद्युतदाहिनीबाहेर ॲम्ब्युलन्सच्या रांगा होत्या. असंख्य लोक घरीच राहून बरे झाले आणि त्यांची देखभाल केली ती बहुतेक वेळा नवऱ्याने किंवा बायकोनेच. त्यांना ना ट्रेनिंग होतं, ना सुट्टी. वर्क फ्रॉम होमच्या दोन मीटिंगांच्या मधल्या वेळात ही माणसं काढा उकळत होती.

त्याच महिन्यात, २५ मे २०२१ रोजी, महाराष्ट्राचे तेव्हाचे आरोग्यमंत्री राजेश टोपे यांनी कोल्हापूर, सांगली, साताऱ्यासह १८ जिल्ह्यांत होम आयसोलेशन बंद करण्याची घोषणा केली होती. घरी ठेवलेल्या रुग्णापासून सगळं घर आजारी पडतंय, हे त्यामागचं कारण. घरात राहणं आणि घरात वेगळं राहणं यांत आपली गल्लत होत होती, हाच त्याचा अर्थ.

आधी हवा, मग बाकी सगळं

आठवतंय, आपण नंदिनीच्या दुधाच्या पिशव्या साबणाने धूत होतो? कोथिंबीर मिठाच्या पाण्यात, वर्तमानपत्रं उन्हात. मार्च २०२० मध्ये खुद्द जागतिक आरोग्य संघटना सांगत होती की हा विषाणू हवेतून पसरत नाही. बंद खोलीत तो हवेतून दूरपर्यंतही पसरतो, हे तिने स्पष्ट लिहिलं ते एप्रिल २०२१ च्या शेवटी. पाठोपाठ २० मे २०२१ रोजी केंद्र सरकारच्या प्रमुख वैज्ञानिक सल्लागारांच्या कार्यालयाने एक सूचनापत्रक काढलं. खिडक्या उघडा, एक्झॉस्ट लावा, पंखा असा ठेवा की आतली हवा बाहेर जाईल, असं त्यात चित्रं काढून सांगितलं होतं. ते पत्रक दूध धुण्याच्या व्हिडिओंइतकं फिरलं असतं तर बरं झालं असतं.

फ्लू काय, कोविड काय, खोकल्या-शिंकेचे हे विषाणू श्वासावाटे बाहेर पडतात. उदबत्तीचा धूर डोळ्यांसमोर आणा. बंद खोलीत तो साचत जातो आणि कोपऱ्याकोपऱ्यात भरतो, तर समोरासमोरच्या दोन खिडक्या उघडल्या की मिनिटांत विरतो. आजाऱ्याच्या श्वासाचं तसंच आहे, फक्त तो दिसत नाही.

म्हणून पहिलं काम, ज्या खोलीची खिडकी मोठी ती आजाऱ्याला द्या आणि खिडकी उघडी ठेवा. बेंगळुरूत पहाटे गारवा असतो. शाल द्या, कानटोपी द्या, पण खिडकी लावू नका. डासांसाठी जाळी असतेच. टेबल फॅन असेल तर तो आजाऱ्याच्या तोंडावर न सोडता खिडकीकडे तोंड करून ठेवा, आतली हवा बाहेर ढकलली जाईल. बाथरूमचा आणि स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट चालू राहू द्या. खिडक्या लावून एसी सुरू केलात तर तीच हवा खोलीत फिरत राहते. खोलीचं दार, म्हणजे तुमच्या बाजूचं, मात्र बंद.

एकच खोली असेल तर? पलंग खिडकीला लावा, तुमची गादी दाराजवळ टाका, आणि झोपताना दोघांची डोकी विरुद्ध दिशांना ठेवा. बाथरूम एकच असेल तर आंघोळ आधी तुम्ही करा. आजाऱ्यानंतर आत जायचं तर एक्झॉस्ट चालू ठेवून थोडा वेळ थांबा, आणि आत जातानाही मास्क असू द्या. दोघांचे टूथब्रश एकाच पेल्यात असतील तर आजच वेगळे करा.

मास्कबद्दल एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. बीजिंगमध्ये २०२० साली १२४ कुटुंबांचा अभ्यास झाला. पहिल्या रुग्णाला लक्षणं दिसायच्या आधीपासून ज्या घरांत मास्क वापरला जात होता, तिथे लागण ७९ टक्क्यांनी कमी आढळली. लक्षणं दिसल्यावर मास्क चढवणाऱ्यांना मात्र तसा ठळक फायदा दिसला नाही. एकत्र जेवणं, शेजारी बसून टीव्ही पाहणं अशा रोजच्या जवळिकीने धोका त्या अभ्यासात सुमारे १८ पट निघाला.

आपण काही वर्षभर घरात मास्क लावून बसणार नाही, बसूही नये. पण रिपोर्टची वाट पाहू नका. ऑफिसात दोघा-तिघांना ताप आलाय, आणि संध्याकाळी हे घरी येऊन म्हणतात, “घसा जरा खवखवतोय.” त्याच क्षणी मास्क, त्याच रात्री वेगळी गादी. दोन दिवसांनी साधी सर्दी निघाली तर बिघडलं काय? सेवा करताना आजाऱ्याने साधा तीन पदरी आणि तुम्ही नाकावर घट्ट बसणारा एन-९५ मास्क लावा. लसही वेळच्या वेळी घ्या, फ्लूची लस दरवर्षीची असते हे पुष्कळांना ठाऊकच नसतं.

आजाऱ्याच्या खोलीत जायचं ते कामापुरतं. चहा-जेवण दाराबाहेरच्या स्टुलावर ठेवा, पाण्याचा जग आणि थर्मास आतच राहू द्या. भांडी साबणाने नेहमीसारखी घासली की झालं, ती टाकून द्यायची गरज नसते. हात मात्र धुवा, दर वेळी.

तुमचं ताट

आपल्याकडे १९१८ च्या फ्लूच्या साथीला ‘मानमोडी’ म्हणत. १० जून १९१८ रोजी मुंबईत सात पोलीस शिपाई तापाने आजारी होऊन दवाखान्यात दाखल झाले, आणि पुढच्या काही महिन्यांत देशभर किती माणसं गेली याचे अंदाज सव्वा कोटीपासून पावणेदोन-दोन कोटींपर्यंत आहेत. त्या साथीत हिंदुस्थानात पुरुषांपेक्षा बायका जास्त प्रमाणात दगावल्या. असं का झालं, याचं एक कारण तेव्हाच्या सरकारी अधिकाऱ्यांच्याही लक्षात आलं होतं. घरातल्या आजाऱ्यांची सेवा बायकाच करत होत्या. अभ्यासक त्यात आणखी एक गोष्ट जोडतात, ती म्हणजे दुष्काळी वर्षातली उपासमार. आणि आपल्या घरांत सगळ्यांच्या शेवटी उरलंसुरलं कोण खातं, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको.

शंभर वर्षांनी हे किती बदललं? नवरा आजारी पडला की बायको त्याच्यासाठी तीन वेळा ताजं करते आणि स्वतः ओट्याशी उभ्या-उभ्या चहा-बिस्किटांवर दिवस काढते. रात्री दर तासाला उठून कपाळावर हात ठेवून पाहते. चौथ्या दिवशी तीच आडवी होते, आणि मग सगळे म्हणतात, “बघ, तिलाही लागलंच!” लागलं, खरं. पण तोवर ती अर्धमेली झाली होती, हे कुणी मोजत नाही.

तेव्हा सेवा करणाऱ्याने आधी जेवायचं. हा स्वार्थ नाही. सकाळी स्वतःचा नाश्ता झाल्यावर स्टुलावर ट्रे ठेवा. रात्री तापाचं औषध दिल्यावर, बाकी लक्षणं ठीक असतील तर सलग झोप घ्या. आजाऱ्याच्या हाताशी फोन ठेवा आणि तुमच्या फोनचा आवाज मोठा करून झोपा. गरज लागली तर ते फोन करतील.

दोघांसाठी एकच स्वयंपाक पुरतो. मऊ भात, तूप, मेतकूट. गावाहून आणलेलं मेतकूट संपलं असेल तर इथला रस्सम-भात त्याच कामाचा. कन्नड घरांत आजाऱ्याला रवा गंजी देतात, पातळ, मीठ-जिऱ्याची, दहा मिनिटांत होते आणि घशाला बरी वाटते. कोपऱ्यावरच्या गाडीवरून एळनीर, म्हणजे आपलं शहाळं. चव गेली असेल तर त्यांचं “मीठच नाही” हे ऐकून मीठ वाढवत बसू नका, स्वतः चाखून ठरवा.

आणि नवरोबांनो, बायको आजारी असेल तेव्हाचं हे प्रकरण वेगळंच असतं. तिला ताप १०२, आणि आतून तीच सांगतेय, “जिरं वरच्या फडताळात, निळ्या झाकणाच्या डब्यात.” पाच वेळा विचारलं की ती उठून येते. मास्क खाली सरकलेला, ओट्याला टेकून कुकर लावते, आणि वेगळं राहणं तिथेच संपतं. तिला झोपू द्यायचं असेल तर प्रश्न विचारणं थांबवा. डबे उघडून पाहा, जिरं सापडतं. नाही सापडलं तर वरण जिऱ्याशिवाय करा. बाजूच्या दर्शिनीतून इडली आणलीत तरी कुणी कमी लेखणार नाही.

खालच्या ओनर आंटींना सांगायला लाजू नका. २०२० मध्ये दारावर कागद चिकटवले जात होते, तेव्हा लपवालपवी झाली, ते समजण्यासारखं होतं. आता तसं काही नाही. आंटींना कळलं तर त्या भाजी आणून दाराबाहेर ठेवतील, शुक्रवारी बनशंकरी अम्माच्या देवळात लिंबाचा दिवाही लावून येतील. कामाला येणाऱ्या अक्कांना मात्र आठवडाभर भरपगारी सुट्टी द्या. त्यांच्या घरीही माणसं आहेत, आणि सुट्टी घेतली तर पगार कापला जाईल या भीतीने त्या येत राहतील.

वाट पाहायची नाही, अशा वेळा

घरी राहून बरं होणं शक्य असतं ते बहुतेकांना, सगळ्यांना नाही. जोडीदार साठीच्या पुढचा असेल, मधुमेह, हृदयाचा किंवा दम्याचा त्रास असेल, गरोदरपण असेल, तर पहिल्याच दिवशी डॉक्टरांशी बोला. फ्लूवरचं विषाणूरोधक औषध पहिल्या ४८ तासांत सुरू केलं तर जास्त उपयोगी पडतं. “चार दिवस बघू, नाही उतरला तर जाऊ” या आपल्या सवयीने ती वेळ हातची जाते.

वहीत दिवसातून चार वेळा लिहा, वेळ, ताप, ऑक्सिजन, लघवी नीट होते का, काय खाल्लं. फोनवर डॉक्टरांना “तसं बरंय” सांगण्यापेक्षा हे वाचून दाखवा.

ऑक्सिमीटर वापरताना नखाला नेलपेंट किंवा मेंदी नको, बोट गार नको, आणि आकडा स्थिर होईपर्यंत थांबा. सावळ्या त्वचेवर हे यंत्र कधीकधी खरं त्याहून जास्त आकडा दाखवतं, असं २०२० नंतरच्या अभ्यासांत दिसलं आहे. त्यामुळे ९५ दिसतंय पण माणूस धापा टाकतोय, तर यंत्रावर नाही, माणसावर विश्वास ठेवा. जानेवारी २०२२ च्या केंद्राच्या सूचनांनुसार तासाभरात तीन वेळा आकडा ९३ किंवा खाली आला, श्वास मिनिटाला २४ च्या वर गेला, किंवा १०० च्या वरचा ताप तीन दिवस टिकला, तर वैद्यकीय मदत घ्यायची. छातीत सतत दुखणं किंवा दाब, बोलण्यात गोंधळ, उठवलं तरी नीट जाग न येणं, ही तर धोक्याचीच चिन्हं. श्वास मोजायला कुठलंच यंत्र लागत नाही. त्यांना न सांगता दारातून छाती किती वेळा वर-खाली होते ते पूर्ण एक मिनिट मोजा. सांगून मोजलं की माणूस मुद्दाम हळू श्वास घेतो.

आता बनशंकरीपुरती एक गोष्ट. इथले पत्ते अवघड. सेकंड स्टेजलाही एक फिफ्थ मेन असतो आणि थर्ड स्टेजलाही. स्टेज, ब्लॉक, मेन, क्रॉस आणि जवळची ठळक खूण हे सगळं कागदावर लिहून फ्रिजवर लावून ठेवा, घाबरलेल्या माणसाला स्वतःचा पत्ता आठवत नाही. कर्नाटकात १०८ ची ॲम्ब्युलन्स सेवा २००८ पासून आहे. समोरच्याला हिंदी-इंग्रजी कळलं नाही तर एवढं कन्नड पुरे, “उसिराडोके कष्ट आगता इदे”, म्हणजे श्वास घ्यायला त्रास होतोय. आणि कुठल्या हॉस्पिटलात जायचं हे ताप साधा असतानाच ठरवा. सरकारी जयनगर जनरल जवळ आहे, छातीच्या आजारांसाठी निम्हान्सच्या परिसरातली राजीव गांधी संस्था आहे, आणि तुमचा इन्शुरन्स जिथे चालतो ते खासगी कुठलं, तेही बघून ठेवा.

औषधांचं थोडक्यात. पॅरासिटामॉलची गोळी, बेंगळुरूच्याच मायक्रो लॅब्सने बनवलेली डोलो ६५० असो की दुसरी, डॉक्टरांनी सांगितलेल्या अंतरानेच द्यायची. सर्दीच्या कित्येक तयार गोळ्यांतही पॅरासिटामॉल असतं. दोन्ही घेतलं तर डोस नकळत दुप्पट होतो, म्हणून पाकिटावरची बारीक अक्षरं वाचा. दुसऱ्याच्या व्हॉट्सॲपवरचं प्रिस्क्रिप्शन तर मुळीच नको. २०२१ मध्ये मित्राला दिलेलं स्टेरॉइड पाहून लोकांनी घरीच ते सुरू केलं. खरं तर २०२० मधल्या ब्रिटनच्या मोठ्या चाचणीत डेक्सामेथासोनने जीव वाचले ते ऑक्सिजन किंवा व्हेंटिलेटर लागलेल्यांचे. ज्यांना ऑक्सिजन लागला नव्हता त्यांना फायदा दिसला नाही. उलट साखर बेसुमार वाढली, आणि त्या उन्हाळ्यात म्युकरमायकोसिसने किती जणांचे डोळे गेले ते आपण पाहिलं.

विषाणू कोणता, त्यावर वाट कोणती

आतापर्यंत सगळं श्वासावाटे पसरणाऱ्या आजारांचं झालं. पण प्रत्येक विषाणूची वाट वेगळी असते, आणि वाट चुकीची धरली तर सगळी मेहनत वाया जाते.

कावीळ म्हणजे हेपॅटायटिस ए असेल तर मास्कचा काही उपयोग नाही. तो विष्ठेतून हातांवाटे तोंडात जातो. संडासनंतर आणि स्वयंपाकाआधी साबणाने हात धुणं, आजाऱ्याने आठवडा-दोन आठवडे स्वयंपाकाला हात न लावणं, हेच खरं. संपर्क झाल्यावर दोन आठवड्यांच्या आत घेतलेली लस दुसऱ्याला वाचवू शकते, डॉक्टरांना जरूर विचारा. उलट्या-जुलाबाच्या नोरोव्हायरसवर सॅनिटायझर फारसा चालत नाही, साबण-पाणीच हवं.

कांजिण्या लहानपणी होऊन गेल्या नसतील तर मोठेपणी फार त्रास देतात, आणि त्या हवेतूनही पसरतात. पुरळ दिसायच्या एक-दोन दिवस आधीपासून सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत लागण होते. तुम्हाला झाल्या नसतील, लसही घेतली नसेल, तर संपर्कानंतर तीन ते पाच दिवसांच्या आत लस मिळते का ते पाहा. पत्नी गरोदर असेल आणि कांजिण्या नवऱ्याला झाल्या असतील, तर लस नाही. त्याच दिवशी तिच्या डॉक्टरांना फोन.

डोळे आले, जशी २०२३ च्या पावसाळ्यात आळंदीपासून सुरू होऊन सगळीकडे साथ आली, तर टॉवेल आणि उशीचे अभ्रे वेगळे ठेवा. समोरच्याच्या डोळ्यांत पाहिल्याने काही होत नाही.

आणि डेंग्यू, जो आमच्या शहराचा कायमचा पाहुणा आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये कर्नाटक सरकारने तो साथरोग म्हणून अधिसूचित केला. डेंग्यूच्या माणसाला वेगळ्या खोलीत कोंडायची गरजच नाही, शेजारी बसा, हात धरा. तो तुम्हाला होतो डासामार्फत. म्हणून मच्छरदाणी हवी ती आजाऱ्याला, तीही दिवसा, कारण हा डास दिवसा चावतो. तापाच्या दिवसांत त्यांना चावलेला डास विषाणू घेऊन तुमच्याकडे येऊ नये, एवढ्यासाठी. पाणीटंचाईमुळे भरून ठेवलेले ड्रम, संपची झाकणं, एसीखालची बादली, सगळं आजच बघा. डेंग्यूची शंका असली तरी पॅरासिटामॉल सोडून दुसरी वेदनाशामक गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको, काहींनी रक्तस्राव वाढतो.

भिंतीपलीकडचं माणूस

सात दिवस एकाच घरात राहून एकमेकांना न शिवणं सोपं नाही. तिसऱ्या-चौथ्या दिवशी आजारी माणूस चिडचिडा होतो. “मला वाळीत टाकलंय” असंही ऐकायला मिळतं, आणि दिवसभर राबलेल्या माणसाला ते फार लागतं. तेव्हा उत्तर देत बसू नका. ताप बोलतोय असं समजा आणि थोड्या वेळाने व्हिडिओ कॉल करून दोघं एकाच वेळी जेवा, तुम्ही हॉलमध्ये, ते खोलीत. एकाच सिनेमाचं बटण दोघांनी एकाच वेळी दाबा. हे बालिश वाटेल, पण करून बघा. दाराच्या फटीतून चिठ्ठ्या सरकवणारी जोडपीही असतात, लग्नानंतर पहिल्यांदाच.

सेवा करणाऱ्याचं मन कुणी विचारत नाही. सगळे फोन “त्यांना कसं आहे?” विचारायला येतात. तुम्हाला झोप लागत नसेल, छाती धडधडत असेल, रडू येत असेल तर १४४१६ वर फोन करा. टेली-मानस ही सरकारची मोफत मानसिक आरोग्य सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, तिचं मुख्य केंद्र आपल्याच शहरातलं निम्हान्स आहे, आणि तिथे अनेक भारतीय भाषांत बोलता येतं. गावाकडच्या आईला रोज तीनदा फोन करून तिला घाबरवण्यापेक्षा तो एक फोन जास्त कामाचा.

वेगळं राहणं कधी संपवायचं? जानेवारी २०२२ च्या सूचनांत कोविडसाठी टेस्टपासून किमान सात दिवस आणि सलग तीन दिवस ताप नको, असा नियम होता. फ्लूत साधारण पाच ते सात दिवस लागण होऊ शकते. त्यानंतर चादरी गरम पाण्यात धुवा, गादी गच्चीवर उन्हात टाका. पुढचे काही दिवस तुम्हाला घसा दुखला तर तुमचीही टेस्ट करा, आणि मग स्टुलावर ट्रे ठेवायची पाळी त्यांची.

ताप गेला म्हणजे माणूस बरा झाला, असं होत नाही. जिना चढताना धाप, दुपारी गळून जाणं, एखादा शब्द न आठवणं, हे काही आठवडे राहू शकतं. फार लांबलं तर डॉक्टरांना दाखवा. तोवर आठव्याच दिवशी त्यांच्या हातात भाजीची पिशवी देऊन जयनगरला पाठवू नका. पहिला आठवडा गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन यायचं, मध्ये दम लागला तर कट्ट्यावर बसायचं, आणि सोबत तुम्ही.